पिकअपच्या मागच्या दिव्यांना एलईडी लावताना

कोल्हापुरातून भाजीपाला, गूळ किंवा कापडाचे गठ्ठे घेऊन कोकणात उतरलेली पिकअप परतताना बऱ्याचदा रिकामी येते, आणि मागच्या बल्बांचे सगळ्यात जास्त हाल होतात ते याच रिकाम्या खेपेत. टनभर माल पेलायला बनवलेले कमानपाटे रिकाम्या गाडीत फारसे दबतच नाहीत. गगनबावड्याच्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा मग सरळ चेसीत आणि तिथून मागच्या दिव्यात पोचतो. बल्बातली टंगस्टनची तार पेटलेली असताना २,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते. अशा अवस्थेत वारंवार दणके बसले की ती लोंबते आणि एक दिवस तुटते. एलईडीत तार नसते, म्हणून पिकअपसारख्या गाडीला ती खरोखर उपयोगाची आहे.

दुसरा फायदा वेळेचा. ब्रेक दाबल्यावर तार तापून पूर्ण उजेड द्यायला साधारण ०.२ सेकंद घेते. एलईडी पेटायला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. हायवेवर ताशी ८० किलोमीटरने मागून येणारी गाडी ०.२ सेकंदात सुमारे ४.४ मीटर पुढे येते. पावसात, आंबा घाटातल्या धुक्यात हे अंतर फार मोलाचं आहे.

वीज वाचते म्हणून मात्र कुणी हा खर्च करू नये. ब्रेकचे दोन बल्ब मिळून ४२ वॅट, म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर घेतात. तेच काम एलईडी अर्ध्या-पाऊण अँपिअरमध्ये करते. पण ब्रेक दिवसभर दाबलेला नसतो, त्यामुळे डिझेलच्या हिशोबात हा फरक जाणवणार नाही.

आधी गाडीत कुठला बल्ब आहे ते बघा. बल्बच्या पितळी बुडावर खूण कोरलेली असते. ब्रेक आणि टेल (रात्री मागे सतत मंद पेटलेला लाल दिवा) एकाच बल्बात असतील तर तो बहुधा पी२१/५डब्ल्यू: आत दोन तारा, ब्रेकसाठी २१ वॅट आणि टेलसाठी ५ वॅट, बुडाला दोन टोकं आणि बाजूच्या दोन खिळ्या वेगवेगळ्या उंचीवर. खिळ्या वर-खाली ठेवण्यामागे हेतू आहे. बल्ब एकाच दिशेने बसावा आणि टेलची तार ब्रेकच्या वायरला लागू नये. रिव्हर्सला आणि पिवळ्या काचेच्या इंडिकेटरला पी२१डब्ल्यू असतो, त्याच्या खिळ्या समोरासमोर आणि एकाच उंचीवर. इंडिकेटरची काच पांढरी असेल तर पिवळा पीवाय२१डब्ल्यू, त्याच्या खिळ्या समोरासमोर नसून १५० अंशांवर असतात. नंबर प्लेटला ५ किंवा १० वॅटचा छोटा बल्ब. एलईडी घेताना जुना बल्ब काढून दुकानात न्या आणि खिळ्या जुळवून बघा. जोर लावून बसवलेला बल्ब होल्डर वाकवतो, आणि मग ब्रेक दाबल्यावर भलतंच काही पेटतं.

पुढचा प्रश्न रंगाचा. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. लाल काचेमागे पांढरी एलईडी लावली की उजेड गुलाबीसर आणि मंद दिसतो. कारण पांढऱ्या एलईडीच्या घडणीतच आहे. लाल एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये करून दाखवली. प्रखर निळी एलईडी यायला १९९० चं दशक उजाडलं. त्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजची पांढरी एलईडी म्हणजे हीच निळी चिप आणि तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे काही निळा उजेड पिवळा करणाऱ्या पदार्थाचा थर. तिच्या प्रकाशात निळा आणि पिवळा भरपूर, लाल थोडा. लाल काच साधारण ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचा, म्हणजे लालसर प्रकाशच सोडते, बाकी सगळा गिळते. तापलेल्या तारेच्या प्रकाशात लाल भरपूर असल्याने जुना बल्ब याच काचेतून नीट दिसतो. लाल एलईडीचा प्रकाश ६२० ते ६३० नॅनोमीटरचा, तो जवळजवळ पूर्ण बाहेर येतो. म्हणून लाल काचेमागे लाल आणि पिवळ्या काचेमागे पिवळीच एलईडी घ्या. रिव्हर्सला पांढरी.

याला एक अपवाद आहे. काही गाड्यांत टेलच्या काचेच्या खालच्या किंवा आतल्या कडेला पारदर्शक पट्टी असते आणि त्याच बल्बचा उजेड नंबर प्लेटवर पडतो. तिथे लाल एलईडी लावली तर एमएच-०९ लाल दिसायला लागेल. नंबर प्लेटवरचा उजेड पांढराच हवा, असा नियम आहे. अशा दिव्यात जुना बल्ब ठेवावा, नाहीतर नंबर प्लेटला वेगळा पांढरा दिवा द्यावा.

बल्बामागचा परावर्तक तारेची जागा धरून बनवलेला असतो. तार बारीक असते आणि चहूबाजूंना प्रकाश फेकते. तो वाटीसारख्या परावर्तकावर आदळून मागे जातो आणि पूर्ण काच भरून दिसते. ज्या एलईडीत सगळ्या चिपा टोकावर, समोर तोंड करून बसवलेल्या असतात, तिच्यामुळे काचेच्या मध्यभागी एक झगझगीत ठिपका दिसतो आणि बाजूने बघणाऱ्याला जवळपास काहीच नाही. बाजूंनाही चिपा असलेली, आणि त्या चिपा साधारण जुन्या तारेच्याच उंचीवर येतील अशी एलईडी निवडा. दोन्ही बल्ब शेजारी धरले की हे डोळ्यांनी कळतं.

टेल आणि ब्रेक यांच्या उजेडातला फरक त्याहून महत्त्वाचा. जुन्या पी२१/५डब्ल्यूमध्ये ब्रेकची तार सुमारे ४४० ल्युमेन (उजेडाचं माप) देते आणि टेलची ३५, म्हणजे साडेबारा पट. स्वस्त एलईडीत हा फरक पुष्कळदा दोन-तीन पटींवर येतो, कारण टेल उगाच प्रखर ठेवलेला असतो. रात्री मागच्या चालकाला लाल दिवा दिसत राहतो, पण ब्रेक कधी लागला ते कळत नाही. एलईडी बसवून झाल्यावर सांजवेळी २५ मीटर मागे उभं राहून टेल चालू असताना ब्रेक दाबायला सांगा. मग तेच ४५ अंश बाजूला जाऊन बघा. फरक चटकन डोळ्यांत भरत नसेल तर ते बल्ब परत करा. कितीही चकचकीत दिसले तरी ते जुन्या बल्बपेक्षा धोक्याचे आहेत.

आता अर्थिंग, म्हणजे बल्बातून गेलेला करंट गाडीच्या धातूतून बॅटरीकडे परत जायची वाट. मागचा दिवा मंद आहे म्हणून एलईडी घ्यायला आलेल्या बऱ्याच गाड्यांत बल्बचा दोषच नसतो. उसाच्या फडातला चिखल, खताच्या पोत्यांतून सांडलेले क्षार आणि हौदा धुतलेलं पाणी हे सगळं मागच्या होल्डरपाशी साचतं आणि पितळ, लोखंड दोन्ही खातं. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १३.५ व्होल्टऐवजी १२ व्होल्ट पोचले तर एक तृतीयांश उजेड जातो. दीड व्होल्ट खायला एक गंजलेला बोल्ट पुरतो.

तपासणी अशी करा. इंजिन चालू, ब्रेक दाबलेला आणि जुना बल्ब जागेवर पेटलेला. मल्टिमीटरची एक तार पाच-सहा मीटर वायर जोडून बॅटरीच्या ऋण टोकाला लावा, दुसरी होल्डरच्या धातूला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. बल्ब काढून मोजलं तर मीटर फसवतो, कारण करंटच वाहत नसल्याने गंजातसुद्धा व्होल्टेज पडत नाही. ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर अंधुक पेटतो, हीही खराब अर्थचीच खूण: करंटला घरी जायची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या तारेतून फिरून जातो. बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडून धातू उघडा करा, नवीन रिंग टर्मिनल लावा, घट्ट आवळून वर ग्रीस द्या. होल्डरचाच अर्थ गेला असेल तर तिथून चेसीपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर ओढा. एलईडी लावण्याआधीच हे उरका. एलईडी इतका कमी करंट घेते की खराब अर्थ काही महिने झाकला जातो, आणि मग भर पावसात दिवा लुकलुकायला लागतो.

इंडिकेटर बदलले की ते दुप्पट वेगाने टकटकायला लागतात. इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर बल्बांकडे जाणारा करंट मोजतो आणि तो कमी झाला की बल्ब उडाला असं समजून वेग वाढवतो. पुढे जुना बल्ब आणि मागे एलईडी असेल तर त्याला नेमकं तेच दिसतं. नियमाने इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लागला पाहिजे. उपाय दोन आहेत. पहिला, एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. त्याला पॉझिटिव्ह, आउटपुट आणि अर्थ अशी तीन टोकं लागतात. जुना फ्लॅशर दोन टोकांचा असेल तर अर्थची वायर नव्याने द्यावी लागते. दुसरा, प्रत्येक एलईडीला समांतर ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर. १३.५ व्होल्टवर तो सव्वादोन अँपिअर घेतो, म्हणजे ३० वॅटची उष्णता. इंडिकेटर निम्मा वेळ बंद असतो म्हणून सरासरी १५ वॅट धरली, तरी घाटात चारही इंडिकेटर लावून गाडी उभी राहिली की तो हात भाजण्याइतका तापतो. तो दिव्याच्या प्लास्टिकच्या खोक्यावर किंवा वायरिंगच्या जुडग्याला बांधू नये, चेसीच्या पत्र्याला स्क्रूने आवळावा.

सुटा फ्लॅशर रिले असलेल्या गाडीत फ्लॅशर बदलणं हाच बरा मार्ग. नव्या गाड्यांत हे काम कंट्रोल युनिट करत असेल तर रेझिस्टरशिवाय गत्यंतर नसतं. एलईडी फ्लॅशर लावल्यावर बल्ब गेला तरी वेग बदलत नाही, तेव्हा गाडी भरून झाली की एकदा इंडिकेटर लावून मागे फेरी मारायची सवय ठेवावी. आतच रेझिस्टर बसवलेले ‘कॅनबस’ बल्ब मिळतात. साध्या वायरिंगच्या पिकअपला त्यांची गरज नाही, उलट ते आतून तापून स्वतःच्याच चिपा मारतात.

बल्ब टिकायचा असेल तर त्यात करंट आवरणारं सर्किट (‘ड्रायव्हर’) हवं. चालू गाडीत चार्जिंग १४ व्होल्टच्या वर जातं. नुसता लहानसा रेझिस्टर घातलेल्या एलईडीत व्होल्टेज थोडं वाढलं तरी करंट बराच वाढतो. नऊ ते सोळा व्होल्ट अशी मर्यादा छापलेला बल्ब घ्या. नंबर प्लेटची खाचेत बसणारी एलईडी पेटली नाही तर ती उलटी करून लावा, तिला दिशा असते.

कायद्याची बाजूही बघायला हवी. मागच्या दिव्याला मान्यता मिळते ती ठरावीक बल्बासह, त्यामुळे त्यात एलईडी घालणं हा बदल ठरतो. मालवाहू गाडीला पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं, तेव्हा हा मुद्दा निघू शकतो. आपल्या मॉडेलला बसणारा, काचेवर मान्यतेची खूण असलेला पूर्ण एलईडी दिवा मिळत असेल तर महाग पडला तरी तोच घ्यावा. त्याचा परावर्तक एलईडीसाठीच बनलेला असतो. ब्रेकला लुकलुकणारे बल्ब तर घेऊच नयेत, ब्रेकचा दिवा स्थिर लालच हवा.

शेवटचं काम पाण्याचं. जुना बल्ब तापून दिव्यातली ओल बाहेर काढायचा. एलईडीची उष्णता बुडाकडे जाते आणि काच थंडच राहते, त्यामुळे आत साचलेली वाफ जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तशीच बसून राहते आणि होल्डर गंजतो. काच उघडलीच आहे तर रबर गॅस्केट बघून घ्या. चपटं झालेलं किंवा तडकलेलं असेल तर नवीन टाका, आणि स्क्रू सगळे सारखे आवळा, कारण एकाच कोपऱ्यात जास्त आवळलं की काच तडकते. कडेला सिलिकॉन भरायचं असेल तर वरच्या आणि बाजूच्या कडांनाच. दिव्याच्या तळाशी पाणी निचरायचं बारीक भोक असतं. ते बुजवू नका, चिखलाने भरलं असेल तर तारेने मोकळं करा.