रणगाड्यातले 40 गोळे ठेवायचे कुठे?

चिलखत भेदून आत शिरलेला धातूचा झोत त्याच्या वाटेत येईल त्याला मारतो. पण बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, उडतो आणि आतले सगळेच जातात, ते बहुतेक वेळा रणगाड्याच्या स्वतःच्या दारूगोळ्यामुळे. म्हणून तोफ आणि चिलखत यांच्याइतकाच विचार गोळे कुठे ठेवायचे याचाही करावा लागतो.

120 आणि 125 मिलिमीटरच्या आजच्या बहुतेक तोफांना पितळी काडतूस लागत नाही. प्रणोदक, म्हणजे गोळ्याला ढकलणारी दारू, नायट्रोसेल्युलोज मिसळलेल्या लगद्याच्या आवरणात भरलेली असते. बार उडाला की आवरणही जळून जातं, उरते फक्त बुडाची धातूची वाटी. वजन वाचतं, पण नायट्रोसेल्युलोज साधारण 170 अंश सेल्सियसला पेट घेतं. शिवाय जळायला लागणारा ऑक्सिजन प्रणोदकाच्या रेणूतच असतो. त्यामुळे डिझेलची आग पापणी लवायच्या आत विझवणारी यंत्रणा इथे हतबल ठरते.

खरी मेख दाबात आहे. उघड्यावर पेटवलेलं प्रणोदक भडकून जळून जातं. बंद जागेत मात्र वायू साठतात, दाब चढतो, दाब चढला की जळण्याचा वेग वाढतो आणि त्याने दाब आणखी चढतो. हे चक्र कित्येक टनांचा बुरूज उखडून फेकतं. दारू पेटणार हे धरूनच चालायचं आणि दाबाला वाट करून द्यायची, हाच माझ्या मते रणगाड्याच्या रचनेतला सगळ्यात शहाणा निर्णय.

अमेरिकन एब्रम्स रणगाड्यात ही वाट बुरुजाच्या मागच्या, गोळे ठेवायच्या कप्प्यात आहे. कप्पा आणि सैनिक यांच्यात जाड सरकतं दार, तर कप्प्याच्या छतावर मुद्दाम कमजोर बसवलेली झाकणं. आत आग लागली की झाकणं उडतात आणि ज्वाळा वर निघून जातात. लोडर, म्हणजे तोफेत गोळा भरणारा सैनिक, गुडघ्याने कळ दाबतो, दार सरकतं, 20 किलोच्या आसपासचा, जवळपास मीटरभर लांब गोळा तो ओढून घेतो आणि गुडघा काढताच दार मिटतं. घाईत दार उघडं ठेवलं, तर ज्वाळा झाकणांची वाट न बघता आत येतात. आणखी एक मर्यादा आहे. ही झाकणं जळणाऱ्या प्रणोदकासाठी आहेत; स्फोटक भरलेल्या गोळ्यांचा एकदम स्फोट झाला तर ती पुरी पडत नाहीत. टंगस्टनच्या सळीच्या गोळ्यात मुळात स्फोटक नसतं, म्हणून त्याचा धोका कमी.

जर्मन लेपर्ड 2 मध्ये 15 गोळे अशा कप्प्यात, पण 27 चालकाच्या शेजारी, रणगाड्याच्या पोटात. तिथे दाबाला वाट नाही. डिसेंबर 2016 मध्ये सीरियातल्या अल-बाबजवळ तुर्कस्तानचे लेपर्ड 2ए4 रणगाडे नष्ट झाले, त्यात बुरूज वेगळे होऊन पडले होते.

सोव्हिएत बनावटीच्या टी-72 मध्ये 22 गोळे बुरुजाखाली, तळाशी फिरत्या चकतीवर असतात; तिथून यंत्रच ते तोफेत भरतं. समोरून येणारा मारा इतक्या खाली सहसा पोचत नाही. घातक ठरतात ते बाकीचे, आसनांमागे, भिंतींना लागून आणि इंधनटाकीच्या खोबणीत ठेवलेले वीसेक गोळे. म्हणून अनेक तुकड्या फक्त चकतीतले 22 घेऊन निघतात. त्याच घराण्यातल्या नव्या रशियन टी-90एम मध्ये जादा गोळ्यांतले काही बुरुजाच्या मागे बाहेरच्या पेटीत हलवले आहेत. पण युक्रेनच्या युद्धात ड्रोन वरून आणि मागून येतात, तेव्हा तळाशी ठेवलेली चकतीही पूर्वीइतकी झाकलेली राहत नाही.

22 गोळे घेतले की ते लवकर संपतात आणि दारूगोळ्याच्या ट्रककडे परतावं लागतं. ट्रकमधून रणगाड्यात गोळे भरणं बहुतेक ठिकाणी अजूनही हातानेच चालतं. टी-72 मध्ये गोळा आणि प्रणोदक सुटे असतात. तोफची, म्हणजे तोफ चालवणारा सैनिक, आधी गोळ्याचा प्रकार निवडतो, चकती फिरून रिकामा खण समोर आणते, खाली गोळा आणि वर प्रणोदक बसवायचं, मग पुढचा खण. यंत्र प्रकार ओळखत नाही, सांगितलेला लक्षात ठेवतं. प्रकार चुकीचा दिला, तर ऐन वेळी नळीत भलताच गोळा जातो आणि नेम दुसऱ्याच गोळ्याच्या गणिताने लागतो.

प्रत्येक आवरण हात फिरवून तपासायचं. ओल लागलेलं फुगतं आणि नळीत अडकतं, चिरलेल्यातून दाणे सांडतात. ट्रकमध्ये उन्हात तापलेलं प्रणोदक जास्त जोराने ढकलतं, म्हणून त्याचं तापमान नेमाचं गणित करणाऱ्या संगणकाला द्यावं लागतं. नाहीतर लांबच्या पल्ल्यावर गोळा लक्ष्याच्या वरून जातो.