खापराचा पत्ता

ग्रीस फिरून आलेल्या आमच्या शेजारच्या काकांनी परवा विचारलं, "अथेन्सच्या मधोमध अमेरिकन लोक किती वर्षं खणतायत! एवढं सगळं नेतात कुठं?" प्रश्न स्वाभाविक आहे. कोहिनूरची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला परदेशी पथक म्हटलं की पेटारे भरून जाणारी बोटच दिसते. उत्तर मात्र साधं आहे. ते काहीही नेत नाहीत. जमिनीतून निघालेली प्रत्येक वस्तू ग्रीक सरकारच्या मालकीची असते आणि ग्रीसमध्येच राहते.

मग परदेशी संस्था तिथे करते तरी काय?

अथेन्समध्ये अशा पंधराहून अधिक संस्था आहेत. त्यांना 'स्कूल' म्हणतात. फ्रेंचांची सर्वांत जुनी, १८४६ची. जर्मनांची १८७४ची, ब्रिटिशांची १८८६ची. काका बोलत होते ती 'अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज' १८८१मध्ये स्थापन झाली. ती अमेरिकन सरकारचं खातं नाही. विद्यापीठं आणि कॉलेजांनी मिळून ती उभी केली. सुरुवातीला त्यांच्यापैकीच एखादा प्राध्यापक वर्षभरासाठी संचालक म्हणून यायचा. आज सदस्य विद्यापीठांचे प्रतिनिधी बसतात ती व्यवस्थापन समिती अभ्यासक्रम आणि नेमणुका बघते, पैशाची बाजू विश्वस्त मंडळाकडे, आणि रोजचा कारभार अथेन्समधल्या संचालकाकडे. ग्रंथालय, वसतिगृह, हाडं-माती तपासायची प्रयोगशाळा, 'हेस्पेरिया' नावाचं नियतकालिक, असा सगळा संसार आहे. विद्यार्थी वर्षभर तिथे राहून अवशेषांपाशी उभं राहून शिकतात.

खणायची परवानगी कुणा एकट्या परदेशी संशोधकाला मिळत नाही. त्याला आपल्या देशाच्या स्कूलमार्फत ग्रीक संस्कृती मंत्रालयाकडे जावं लागतं. प्रत्येक स्कूलला वर्षाला स्वतःच्या जबाबदारीवर तीनच उत्खननं करता येतात, आणखी तीन ग्रीक पुरातत्त्व खात्याबरोबर. म्हणजे जागा कमी आणि इच्छुक भरपूर. कुणाला आधी संधी द्यायची हे ठरवणं हे स्कूलचं मोठंच काम होऊन बसतं.

पण मला या संस्थांचा खरा प्राण वाटतो तो त्यांचा नोंदविभाग. अथेन्सच्या प्राचीन बाजारचौकात, म्हणजे अगोरात, या स्कूलने मे १९३१मध्ये कुदळ मारली. पैसा मुख्यतः अमेरिकन धनिक धाकटे जॉन डी. रॉकफेलर यांचा. त्यासाठी शेकडो घरांची एक नांदती वस्ती उठवली गेली, हेही विसरता कामा नये. इतकी मोठी किंमत मोजून उघडलेल्या जमिनीतलं एकही खापर बेवारस राहू नये, अशी पद्धत नोंदविभाग सांभाळणाऱ्या लूसी टॅलकॉट यांनी बसवली. खोदकामाच्या प्रत्येक विभागाला ग्रीक अक्षराचं नाव, त्याचा एक प्रमुख आणि त्याच्या हाती एक वही. महत्त्वाच्या वस्तूला क्रमांक मिळतो. पी म्हणजे भांडी, एल म्हणजे दिवे, एन म्हणजे नाणी. वस्तूच्या कार्डावर वहीचं पान आणि पानावर वस्तूचा क्रमांक. कुठूनही सुरुवात करा, दुसऱ्या टोकाला पोचताच. नकाशावर चौकटी आखलेल्या आहेत. 'क्यू १२:३' म्हणजे क्यू १२ या चौकटीत एकत्र सापडलेल्या वस्तूंचा तिसरा साठा. तो एका विहिरीतला आहे.

विहिरीच का, ते बघू. दोर तुटला की घागर तळाला जाते. वापरातली विहीर अशी वर्षानुवर्षं घागरी गिळत राहते आणि गाळात त्या क्रमाने बसतात, सर्वांत जुनी सर्वांत खाली. पुढे विहीर सोडून दिली की लोक तिच्यात कचरा टाकून ती बुजवतात, तेही बऱ्याचदा एकाच वेळी. म्हणजे एका विहिरीत दोन काळ असतात. खाली सावकाश साचलेला, वर एकदम ओतलेला. मधली सीमा कुठे आहे हे खोली लिहून ठेवली तरच कळतं. तळाच्या न हललेल्या गाळात नाणं मिळालं, तर त्याच्या वरचं सारं ते नाणं पडल्यानंतर तिथे आलेलं. (ते नाणं नेमकं कधी पडलं, हे मात्र त्याच्या वयावरून कळत नाही. जुनं नाणं माणसाच्या हातून शंभर वर्षांनीही विहिरीत पडू शकतं.) इ.स.पू. ४८०-४७९मध्ये इराणी सैन्याने अथेन्स उद्ध्वस्त केलं आणि परतलेल्या लोकांनी तो राडारोडा विहिरींत लोटला. अशा वीसेक विहिरी अगोरात मिळाल्या. त्यांच्या भरावातली भांडी त्या विध्वंसाच्या आधीची, हे एकदा पक्कं झालं की तोच घाट दुसरीकडे कुठे दिसला तरी त्याचं वय सांगता येतं. तारीख न लिहिलेल्या भांड्यांचं पंचांग असं जुळत जातं.

१९३७मध्ये याच स्कूलच्या ऑस्कर ब्रोनीर यांना अॅक्रोपोलिस या अथेन्समधल्या टेकडीच्या उत्तर उतारावर एका विहिरीत १९० खापरं सापडली. प्रत्येकावर थेमिस्तोक्लीस या पुढाऱ्याचं नाव, बहुतेकांवर वडिलांच्या नावासकट. अथेन्सचे नागरिक नको असलेल्या नेत्याचं नाव खापरावर कोरून मत देत, आणि पुरेशी मतं पडली की तो दहा वर्षांसाठी हद्दपार होई. ब्रोनीर यांनी अक्षरांची वळणं जुळवली, तेव्हा १९० खापरांवर अवघ्या १४ हातांचं अक्षर निघालं! मतदारांना वाटण्यासाठी कुणीतरी ती आधीच कोरून ठेवली असावीत, असा त्याचा अर्थ लावतात. यातलं एकेक खापर चोरबाजारात सुटं विकलं गेलं असतं, तर प्रत्येक घरात एक सुंदर मत दिसलं असतं. संघटित प्रचार कुणालाच दिसला नसता.

म्हणूनच गुप्तधनाच्या नावाने मांत्रिकाच्या सांगण्यावरून रात्री खड्डे खणणाऱ्यांचा मला संताप येतो. त्यापायी होणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो हवाच. पण त्या खड्ड्यात थरही मरतात. ते पुन्हा रचता येत नाहीत.

अगोराच्या वस्तू आज तिथल्याच अॅटालोस राजाच्या स्टोआत, म्हणजे खांबांच्या लांब ओसरीवजा इमारतीत आहेत. ही प्राचीन इमारत स्कूलने १९५३ ते १९५६ या काळात पुन्हा उभारली आणि १९५७मध्ये ती ग्रीक सरकारच्या ताब्यात दिली. खाली संग्रहालय आणि कोठारं, वर नोंदविभाग. १९३०च्या दशकातल्या हस्तलिखित वह्याही आता स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट बघता येतात. काकांना मी त्यातलं एक पान मोबाइलवर उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पान मोठं केलं आणि समासातल्या क्रमांकावर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे हे खापर अजून त्या कोठारात असणार?"

हो, आणि क्रमांक सांगितला की ते शोधून काढता येतं.