डुकरांना चारायला चाललात? मग हे वाचून जा

आमच्याकडे विदर्भात डुक्कर म्हटलं की दोनच डोळ्यासमोर येतात, एक नालीत फिरणारं गावडुक्कर नाहीतर रात्रीतून हरभऱ्याचं वावर उकरून टाकणारं रानडुक्कर. त्यामुळे वर्धेच्या बाजूला एका शेतावर लोक सुट्टीत लेकराबाळांना घेऊन डुकरांना काकड्या चारायला येतात हे सांगितलं तर कोणाला खरंच वाटत नाही. मी म्हणेन जरूर जा, फक्त जाताना ह्या प्राण्याबद्दल थोडं माहीत असू द्या.

पहिली गोष्ट चिखल. लेकरं बघताच "शी, किती घाण" म्हणतात. पण डुकराला घामाच्या ग्रंथी असल्या तरी अंग थंड होईल एवढा घाम येतच नाही, त्याच्या अंगाचं तापमान ३९ अंशांच्या आसपास आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, म्हणजे बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम, मग त्यानं करायचं काय? अंग ओलं ठेवायचं आणि ती ओल हळूहळू उडू द्यायची. नुसतं पाणी पटकन वाळतं, चिखल मात्र ओल धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो, आपल्या कूलरच्या ताट्या करतात अगदी तेच काम. लार्ज व्हाइट यॉर्कशायरसारख्या पांढऱ्या डुकरांची कातडी तर उन्हानं भाजते, त्यांना हा थर जास्तच लागतो. आणि घाणेरडं म्हणायचं तर जागा पुरेशी मिळाली की डुक्कर झोपायची जागा वेगळी अन् हागायची वेगळी ठेवतं, वाड्यात नीट पाहा, कोपरा ठरलेला दिसेल.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते नाक. टरबुजाची साल मातीत चार बोटं खाली दाबून ठेवा आणि बाजूला उभे राहा. डुकरीण येते, नाकाची ओली चकती जमिनीला टेकवते, नाकपुड्या भराभर हलतात, इकडेतिकडे करत एका जागी थांबते आणि मग मान खाली घालून एका झटक्यात ढेकूळच उलथून टाकते. त्या चकतीच्या आत एक छोटं हाड असतं म्हणून एवढा जोर लागतो, पण वरची कातडी इतकी संवेदनशील असते की माती आणि साल तिला स्पर्शानंही वेगळी कळते. २०१२ साली डुकराचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकांचा नकाशा, प्रसिद्ध झाला, त्यात वास ओळखणारी हजारावर जनुकं सापडली, माणसात चालू असलेली ४०० च्या आसपास आहेत. रानडुक्करही ह्याच जातीचं बरं का, हरभऱ्याच्या वावरात चालतं तेही हेच नाक. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्याचा राग पण खरा आहे.

चारताना बोटं सांभाळा. डुक्कर तोंडापुढचं खाणं डोळ्यांपेक्षा नाकानंच शोधतं, काकडीचा वास हाताला लागला की हात पण काकडीच, म्हणून तळहात सपाट ठेवा नाहीतर सरळ जमिनीवर टाका. काकडी, दुधी, कोहळं, पपई चालतं. घरचं उरलंसुरलं, त्यातही मटण-मांस अजिबात नेऊ नका, आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग असाच पसरतो, २०२० मध्ये तो आसाम-अरुणाचलमध्ये आला तेव्हा हजारो डुकरं मेली. माणसाला तो होत नाही, पण परतताना साबणानं हात धुवायचेच, डुकराच्या आतड्यातले दुसरे जंतू असतात.

आणि आवाज ऐका. २०२२ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या एलोडी ब्रीफर आणि सहकाऱ्यांनी ४११ डुकरांचे सात हजारांवर आवाज तपासले, आनंदातले आवाज छोटे आणि एकसारखे निघाले, त्रासातले लांबलचक, आणि कॉम्प्युटरनं ९२ टक्के वेळा ओळखलं की डुक्कर सुखात आहे की त्रासात. कानामागं खाजवलं की जे तुटक घुर्रघुर्र येतं ते ह्यातलं पहिलं. बादली दिसली की मात्र पिल्लं एकमेकांना ढकलतात आणि किंकाळ्या सुरू होतात, लेकरं घाबरतात. तेव्हा सगळं एका जागी ओतू नका, तुकडे लांब लांब फेका, कमजोर पिल्लालाही वाट्याला येतं आणि कालवा आपोआप कमी होतो.