२.८ गिगाहर्ट्झ हरतो कसा

कुडाळ-मालवणकडच्या जुन्या सामानाच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा दोन डेस्कटॉप विकायला आले. एकात इंटेलचा सेलेरॉन डी ३३५ प्रोसेसर (कॉम्प्युटरची मुख्य चिप), दुसऱ्यात एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचा सेम्प्रॉन ३१००+, दोन्ही २००४ सालची स्वस्तातली मॉडेलं. पहिल्याखाली लिहिलेलं "२.८ गिगाहर्ट्झ, एकदम फास्ट", दुसऱ्याखाली नुसतं "१.८ आहे, चालू कंडिशन", आणि किंमत जवळपास निम्मी. लगेच एका बागायतदार मित्राचा फोन आला, सीझनला बिलं मारायला आणि गड्यांचा हिशोब ठेवायला एक डबा पायजे, नेट वगैरे काय नको, २.८ वाला घेतो, तब्बल हजार मेगाहर्ट्झ जास्त आहेत. मी म्हटलं स्वस्तातला घे, तोच बरा चालेल. त्याला वाटलं मी मस्करी करतोय.

त्याची चूक नाही म्हणा. दुकानदारांनी आणि जाहिरातींनी आपल्याला वर्षानुवर्षं हेच शिकवलंय की गिगाहर्ट्झ म्हणजे वेग. खरं तर २.८ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २८० कोटी ठोके, एवढंच. प्रत्येक ठोक्याला नेमकं किती काम उरकतं ते हा आकडा सांगतच नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

प्रोसेसर एक सूचना पूर्ण करून मग दुसरी हातात घेतो असं नसतं. आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये एक जण फळ पुसतो, दुसरा आकाराप्रमाणे निवडतो, तिसरा पेटीत पेंढा घालतो, चौथा भरतो, पाचवा पट्टी ठोकतो, आणि पाचही जण एकाच वेळी वेगवेगळ्या पेट्यांवर राबत असतात, तसंच चिपच्या आत चालतं, याला पाइपलाइन म्हणतात. आता प्रत्येक काम अजून बारीक तोडलं, पाचाच्या जागी तीस माणसं बसवली, तर एकेकाच्या वाट्याला इतकं थोडं काम येतं की सगळ्यांचा हात भराभर चालतो, म्हणजे ठोके वाढतात. इंटेलने नेमकं हेच केलं. सेलेरॉन डीच्या आत प्रेस्कॉट नावाची रचना आहे, तिच्या पाइपलाइनला ३१ टप्पे. त्याच्या आधीच्या पेंटियम ४ ला, म्हणजे इंटेलच्याच महागातल्या प्रोसेसरला, २० होते. सेम्प्रॉन ३१००+ मध्ये साध्या पूर्णांकांच्या कामाला १२.

मग लांब रांग चांगलीच की? सगळ्या पेट्या एकाच गिऱ्हाइकाच्या असतील तर चांगलीच. पण मध्येच कळलं की ही ऑर्डर मुंबईची नव्हे, पुण्याची, पेटी वेगळी, आकार वेगळा, तर रांगेत अर्धवट झालेलं सगळं उपसून पुन्हा पहिल्या माणसापासून सुरुवात. रांग जितकी लांब तितकं वाया जास्त.

प्रोग्रॅममध्ये ही "ऑर्डर बदलली" भानगड सारखी होते. "थकबाकी असेल तर इकडे जा, नसेल तर तिकडे" असली फाट्याची सूचना साधारण दर पाच-सहा सूचनांमागे एक येते. फाट्याचं उत्तर कळायला पाइपलाइनच्या बऱ्याच आत जावं लागतं, तोवर थांबणं परवडत नाही, म्हणून प्रोसेसर चक्क अंदाज बांधतो आणि त्या बाजूच्या सूचना आत ढकलायला लागतो. मला विचाराल तर अख्ख्या कॉम्प्युटरमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच. अंदाज बांधायची एक जुनी युक्ती १९८१ साली जेम्स स्मिथने मांडली: प्रत्येक फाट्यासाठी दोन बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ मावणारी जागा) एक छोटा काउंटर ठेवायचा, ० ते ३. फाटा घेतला की एक वाढवायचा, नाही घेतला की एक कमी करायचा, ३ च्या वर आणि ० च्या खाली जायचं नाही. काउंटर २ किंवा ३ असेल तर अंदाज "घेणार", नाहीतर "नाही घेणार". एकच बिट ठेवला असता तर शंभर वेळा फिरणारं लूप संपताना एकदा चुकलं असतं आणि तेच लूप पुन्हा सुरू झालं की पहिल्याच फेरीला परत चुकलं असतं, दोन बिटांत ३ चा फक्त २ होतो, मत लगेच पालटत नाही आणि दुसरी चूक टळते. पुढे यात आधीच्या फाट्यांचा इतिहासही मिसळायला लागले आणि अंदाज शंभरात पंच्याण्णवच्या आसपास बरोबर यायला लागले.

हे घरी तपासताही येतं. पतसंस्थेच्या खात्यांसारखी लाखभर आकड्यांची यादी घ्या, अमुक रकमेच्या वरचे मोजणारा छोटासा सी प्रोग्रॅम लिहा. एकदा आकडे पिसून चालवा, एकदा चढत्या क्रमाने लावून चालवा. काम तेच, उत्तर तेच, पण लावलेली यादी बऱ्याचदा कितीतरी लवकर संपते, कारण आधी सगळे "नाही" मग सगळे "हो", अंदाज चुकायला वावच नाही. (प्रोग्रॅमचं चिपच्या भाषेत भाषांतर करणारे हल्लीचे कंपायलर हुशार झालेत, ते फाटाच काढून टाकतात, मग फरक दिसत नाही, तेव्हा त्यांची ही हुशारी, म्हणजे ऑप्टिमायझेशन, बंद करून बघा.)

आता हिशोब. अंदाज चुकल्याचा फटका सोयीसाठी पाइपलाइनच्या लांबीएवढा धरू. दर पाच सूचनांत एक फाटा, शंभर फाट्यांत पाच चुका, म्हणजे दर शंभर सूचनांमागे एक चूक. बाकी सगळं सुरळीत आणि ठोक्याला दोन सूचना उरकल्या तर सेलेरॉनला ५० अधिक ३१ म्हणजे ८१ ठोके, २.८ गिगाहर्ट्झला ते झाले साधारण २९ नॅनोसेकंद. सेम्प्रॉनला ५० अधिक १२, ६२ ठोके, १.८ ला साधारण ३४ नॅनोसेकंद. बघितलंत? कागदावर ५६ टक्के पुढे असलेला गडी एका चुकीत १९ टक्क्यांवर आला. अजून हरला नाहीये मात्र, नुसत्या पाइपलाइनवर खापर फोडणारे लेख इथेच हात झटकतात.

उरलेली आघाडी मेमरी खाऊन टाकते. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी, चपळ मेमरी; एल१ सगळ्यात जवळची, एल२ तिच्या मागची. सेलेरॉन डी म्हणजे पेंटियम ४ चाच कापलेला भाऊ, प्रेस्कॉटवाल्या पेंटियम ४ ला एल२ कॅश १ एमबी, सेलेरॉन डीला २५६ केबी. एल२ सेम्प्रॉनलाही २५६ च आहे, पण त्याच्या एल१ मध्ये डेटासाठी ६४ केबी, सेलेरॉनकडे १६. कॅशमध्ये सापडलं नाही की रॅमकडे जायचं, तिथे सेलेरॉनला बसने, म्हणजे डेटा नेणाऱ्या वाटेने, आधी मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपकडे आणि मग पुढे जावं लागतं. सेम्प्रॉनमध्ये रॅमशी बोलणारा भाग प्रोसेसरच्याच आत आहे, मधला दलाल नाही. आणि वाट बघताना ठोके जितके भराभर पडतात तितके जास्त फुकट जातात, म्हणजे इथे २.८ चा आकडा उलटाच अंगावर येतो. म्हणून रोजच्या ऑफिसच्या कामात आणि तेव्हाच्या गेममध्येसुद्धा सेम्प्रॉन पुढे असायचा. व्हिडिओ एन्कोड करण्यासारखं सरळसोट, एकसुरी काम असेल तर सेलेरॉन टक्कर द्यायचा, तिथे फाटे कमी आणि ठरलेले.

एएमडीवाले साधू होते असं समजू नका. ३१००+ हा आकडा मेगाहर्ट्झसारखा दिसावा म्हणूनच ठेवलेला. त्यांचाच ॲथलॉन ६४ २८००+ त्याच १.८ गिगाहर्ट्झवर चालायचा, कॅश दुप्पट, तरी नावातला आकडा लहान!   

कोकणात अजून एक भानगड म्हणजे उष्णता आणि खारी हवा. सेलेरॉन डी ३३५ चा उष्णतेचा आकडा ७३ वॅट, सेम्प्रॉनचा ६२, कंपन्यांची मोजायची रीत वेगळी असली तरी प्रेस्कॉट तापायचा हे जगजाहीर आहे. जास्त तापला की पंखा जास्त फिरतो, किनाऱ्यावरची हवा आत जास्त खेचतो, त्या हवेतलं मीठ बोर्डावर बसतं, आणि मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते, ओल्या मिठातून वीज वाहते आणि तांबं हिरवं पडतं. तेव्हा घेताना झाकण उघडून बघाच, बोर्डावरचे छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर वरून फुगलेले असतील तर प्रोसेसर कुठलाही असो, डबा सोडून द्या.

इंटेलवाले एकेकाळी याच लांब पाइपलाइनच्या रचनेवर १० गिगाहर्ट्झच्या गप्पा मारत होते, गाडी ३.८ वर अडकली. ऑक्टोबर २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ त्यांनी रद्दच केला. मग २००६ ला त्यांचा कोअर २ हा नव्या रचनेचा प्रोसेसर आला, पाइपलाइन १४ टप्प्यांची. आणि २००७ ला त्याच रचनेतून निघालेला स्वस्तातला सेलेरॉन ४२०, सेलेरॉनच बरं का, १.६ गिगाहर्ट्झ आणि ३५ वॅटमध्ये, जुन्या २.८ वाल्या सेलेरॉन डीला मागे टाकत होता.