कॉलर्ड ग्रीन्स

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात घरोघरी शिजणारी रसदार पालेभाजी. कोबीच्याच जातीच्या, पण गड्डा न धरणाऱ्या कॉलर्ड ह्या झाडाची जाड, निळसर हिरवी पाने धुरी दिलेल्या डुकराच्या हाडांच्या पाण्यात मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवतात. सलगमाचा पाला (टर्निप ग्रीन्स) आणि मोहरीचा पाला (मस्टर्ड ग्रीन्स) ह्यांचीही भाजी अशीच करतात. त्यामुळे बोलताना तिन्हींना नुसते ‘ग्रीन्स’ म्हटले जाते आणि पुष्कळदा ती एकाच पातेल्यात पडतात. शिजल्यावर मागे राहणाऱ्या पाण्याला ‘पॉटलिकर’ म्हणतात. हे पाणी ओतून दिले तर उरते ती नुसती उकडलेली भाजी. दक्षिणेतला माणूस तिला ग्रीन्स म्हणणार नाही.

वनस्पती : कॉलर्डचे शास्त्रीय नाव ब्रॅसिका ओलेरेसिया, गट व्हिरिडिस. कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, नवलकोल, केल ही सारी ह्याच एका जातीची भावंडे. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करत कुणाचा गड्डा वाढवला, कुणाचा फुलोरा, कुणाचा बुंधा. कॉलर्डचे पान वाढवले. खालची पाने तोडत जायची व शेंडा राखायचा, म्हणजे एकच झाड कित्येक महिने भाजी देते. गरिबाच्या परसात हे झाड टिकून राहिले ते मुख्यतः ह्या गुणामुळे. ते कडक थंडीही सोसते. थंडी वाढली की झाड पेशींत साखर साठवते, म्हणून पहिले हिम पडून गेल्यावर तोडलेला पाला गोड लागतो आणि जुन्या घरांत त्याआधी कॉलर्ड तोडत नसत.

बाकीचे दोन पाले दिसायला जवळचे असले तरी जातीने वेगळे आहेत. सलगम म्हणजे ब्रॅसिका रापा (गुणसूत्रे २०) आणि मोहरी म्हणजे ब्रॅसिका जुन्सिया (गुणसूत्रे ३६). कॉलर्डची गुणसूत्रे १८. सलगमाचा पूर्वज आणि काळी मोहरी (गुणसूत्रे १६) ह्यांच्या संकरातून जुन्सिया जन्मली. ब्रॅसिका कुळातील हे नातेसंबंध नागाहारू उ ह्या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये मांडले आणि ते आजही मान्य आहेत. आपल्या फोडणीतली तपकिरी मोहरी ही जुन्सियाच. दक्षिणेत तिच्या मोठ्या, कुरळ्या पानांचे वाण लावले जातात.

नाव : ‘कॉलर्ड’ हे इंग्रजीतील ‘कोलवर्ट’ ह्या जुन्या शब्दाचे बोलीतले रूप. त्यातील ‘वर्ट’ म्हणजे वनस्पती आणि ‘कोल’ हा लॅटिन ‘कॉलिस’ (देठ, बुंधा) ह्यापासून आलेला. हा लॅटिन शब्द मराठीतही दोन वाटांनी पोहोचला आहे. पोर्तुगीज ‘कोव्ह’वरून आपली ‘कोबी’ झाली आणि डच ‘क्नोलकोल’ (गाठीची कोबी) वरून ‘नवलकोल’. म्हणजे कॉलर्डमधला ‘कोल’ आणि नवलकोलमधला ‘कोल’ एकच. मूळ अर्थ देठाचा, पण कॉलर्ड निवडताना स्वयंपाकी सर्वांत आधी काढून टाकतात तो देठच.

उगमाचा वाद : ही भाजी कुणाची, ह्यावर अमेरिकेत बराच काळ वाद आहे आणि त्यामागे केवळ वनस्पतिशास्त्र नाही. एक मत असे की कॉलर्ड आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आले. लोकांत हे मत रूढ आहे, पण वनस्पतीपुरते ते टिकत नाही. ब्रॅसिका ओलेरेसियाचे रानटी पूर्वज भूमध्य समुद्राच्या आसपासचे व युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे मानले जातात आणि अमेरिकेतील बियाणे युरोपातून आले ह्याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही. ब्रिटिश वसाहतींतील बागांत ‘कोलवर्ट’ होते, नावही इंग्रजीच आहे. म्हणून ब्रिटनकडे बोट दाखवणारा पक्ष बळकट ठरतो. पोर्तुगालची बिनगड्ड्याची उंच कोव्ह कॉलर्डच्या फार जवळची असल्याने काहींना तोही मार्ग शक्य वाटतो, परंतु तो ब्राझीलसाठी जितका पटतो तितका व्हर्जिनिया-कॅरोलायनासाठी पटत नाही.

परंतु बियाण्याचा इतिहास आणि पातेल्याचा इतिहास एक नव्हे. पश्चिम आफ्रिकेत नाना प्रकारचा पाला रसदार शिजवून, त्यात थोडे सुके वा धुरी दिलेले मांस-मासे चवीपुरते घालून, घट्ट शिजवलेल्या पिठाबरोबर खाण्याची परंपरा जुनी आहे. तिथला पाला अटलांटिकपलीकडे मिळेना, तेव्हा त्या हातांनी जवळ उगवणारा पाला घेतला. जेसिका हॅरिस ह्यांच्यासारख्या अन्नइतिहासकारांनी हे सातत्य दाखवून दिले आहे. भूगोलाचे अभ्यासक एडवर्ड डेव्हिस व जॉन मॉर्गन ह्यांनी दक्षिणेत गावोगाव फिरून घरगुती बियाणे गोळा केले; त्यांचाही कल, झाड युरोपीय पण त्याला दक्षिणेची ओळख मिळवून देण्यात आफ्रिकी-अमेरिकी लोकांचा वाटा मोठा, असाच आहे. प्रस्तुत नोंदीत हेच मत अधिक ग्राह्य धरले आहे. झाड आफ्रिकेचे नाही एवढ्यावरून भाजीही आफ्रिकी-अमेरिकी लोकांची नाही असा निष्कर्ष काढणे हा त्या स्वयंपाकिणींवर अन्याय ठरतो.

शिधा पाहिला तर हे नीट कळते. मेरीलँडच्या एका मळ्यावर गुलामांना महिन्याला ८ पौंड (सुमारे ३.६ किलो) डुकराचे मांस किंवा तितके मासे आणि एक बुशेल (सुमारे ३५ लिटरचे माप) मक्याचे पीठ मिळे, असे गुलामगिरीतून सुटलेले लेखक फ्रेडरिक डग्लस ह्यांनी १८४५ मध्ये लिहिले आहे. दिवसाला सव्वाशे ग्रॅमही मांस नाही. अशा शिध्यात झोपडीमागच्या तुकड्यातला पाला आणि त्याला वास लावणारे एखादे हाड ह्यांवर जेवण उभे राहिले. मालक पाला खात व ‘उरलेले पाणी’ गुलामांकडे जाई, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. काही घरांत तसे घडलेही असेल, पण परसातला पाला स्वतः लावून स्वतः शिजवणाऱ्यांची गोष्ट त्या कथेत हरवते.

भाजी फार वेळ शिजवण्याची रीत किती जुनी, हेही सांगणे सोपे नाही. मेरी रँडॉल्फ ह्यांच्या व्हर्जिनियातील १८२४ च्या पाकपुस्तकात सलगमाचे कोवळे कोंब बेकनबरोबर ‘व्हर्जिनिया पद्धतीने’ उकडावेत असे म्हटले आहे, पण वेळ दिली आहे सुमारे २० मिनिटांची, आणि पाला निथळून घ्यायला सांगितले आहे. म्हणजे डुकराचे मांस आणि पाला ही जोडी तेव्हा रुळलेली होती. दोन-दोन तासांची मंद आच निदान त्या पुस्तकात नाही. जून कॉलर्ड मात्र २० मिनिटांत शिजत नाही. चुलीवर भांडे ठेवून दिवसभर शेतात राबणाऱ्यांच्या घरी ही रीत पुस्तकांच्या बाहेरच घडली असावी.

कृती : आधी पाणी तयार होते, मग पाला पडतो. धुरी दिलेला डुकराच्या घोट्याजवळचा तुकडा (हॅम हॉक), मानेची हाडे किंवा जबड्याचे मांस कांद्याबरोबर तास-दीड तास उकळतात. कातडी व कूर्चा ह्यांतील कोलॅजन विरघळून पाणी किंचित चिकट होते आणि धुरीचा वास त्यात उतरतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक घरांत डुकराऐवजी धुरी दिलेली टर्कीची मान वा पंख वापरतात.

पाला निवडणे हे खरे कष्टाचे काम. कॉलर्डच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो; नळाखाली धरले की पाणी थेंबाथेंबाने घरंगळून जाते, पान भिजतच नाही. वाळू मात्र शिरांच्या खोबणीत बसलेली असते. म्हणून पाने नळाखाली न धुता भरल्या सिंकमध्ये बुडवून हलवतात, वर उचलून घेतात, तळाची वाळू ओतून देतात. तळ बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत तीन-चार पाणी होते. मग एका हाताने देठ धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीने पाते खालपासून शेंड्याकडे ओरबाडून काढतात. पाच-सहा पाती एकावर एक ठेवून घट्ट वळकटी करतात आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापतात. कोवळ्या सलगमाचा पाला नुसता हाताने तोडला तरी चालतो.

मूठमूठ पाला उकळत्या पाण्यात टाकत गेले की तो बसत जातो. पातेले शिगोशिग भरलेले असते आणि दहा मिनिटांत पाला निम्म्यावर येतो, हे मेथी करणाऱ्याला सांगायला नको. त्यानंतर झाकण ठेवून पाऊण तास ते दोन तास. मीठ शेवटी, कारण मांस खारवलेले असते. व्हिनेगरही शेवटीच, आंबटपणामुळे पाला मऊ व्हायला वेळ लागतो. चिमूटभर साखर, सुक्या मिरचीचे तुकडे हे घरोघरच्या सवयीवर आहे. ताटावर बारीक मिरच्या भरून ठेवलेल्या बाटलीतले ‘पेपर व्हिनेगर’ शिंपडतात.

शिजताना हिरवा रंग बदलून शेवाळी होतो, कारण पाल्यातीलच आम्लांमुळे क्लोरोफिलमधील मॅग्नेशियम निघून जाते. काही जण सोडा घालून रंग राखतात, पण त्याने पाला लिबलिबीत होतो व क जीवनसत्त्व अधिक नष्ट होते. न घातलेला बरा. कडवट चव ग्लुकोसिनोलेट ह्या गंधकयुक्त द्रव्यांची. ती पाण्यात उतरतात, म्हणून पाला सौम्य आणि पाणी चविष्ट होत जाते. के जीवनसत्त्व भरपूर असल्याने वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घेणाऱ्यांनी ह्या भाजीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

पॉटलिकर : पुरणाची डाळ शिजवून काढलेला कट जसा आमटीसाठी राखून ठेवतात, तसे हे पाणी राखले जाते. मक्याची भाकर (कॉर्नपोन) त्यात बुडवावी की कुस्करावी, ह्यावर १९३१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटातील एका दैनिकाचे संपादक ज्युलियन हॅरिस ह्यांच्यात जाहीर वाद रंगला. लाँग बुडवण्याच्या बाजूचे, हॅरिस कुस्करण्याच्या. मंदीच्या त्या दिवसांत वाचकांनी दोन्ही बाजूंनी पत्रे धाडली. पॉटलिकर हे गरिबाचे जेवण आहे हे सर्वांना माहीत होते, तरी त्याबद्दल अभिमानाने बोलावे असे तेव्हा वाटले, हे विशेष.

प्रसार : साधारण १९१० ते १९७० ह्या काळात लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेली आणि ही भाजी त्यांच्याबरोबर गेली. १९६० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या पारंपरिक जेवणाला ‘सोल फूड’ हे नाव रूढ झाल्यावर ती त्याची खूणच बनली. नवीन वर्षाच्या दिवशी चवळी, कॉर्नब्रेड आणि ग्रीन्स असे जेवण ठरलेले. हिरवा पाला म्हणजे नोटा, अशी समजूत. ह्या ताटातील चवळी मात्र खरोखरच आफ्रिकेची. उत्तर कॅरोलायनातील एडन येथे १९७५ पासून कॉलर्डचा उत्सव भरतो व दक्षिण कॅरोलायनाने २०११ मध्ये कॉलर्डला राज्याची भाजी ठरवले.

उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागात पिवळसर, सैल गड्ड्याचे ‘कॅबेज कॉलर्ड’ आवडते व पाल्यावर मक्याच्या पिठाचे गोळे वाफवतात. न्यू ऑर्लीन्समध्ये पवित्र गुरुवारी (ईस्टरआधीच्या गुरुवारी) अनेक पाल्यांचा ‘गंबो झर्ब’ हा दाट रस्सा होतो. ॲपलाचिया ह्या पूर्वेकडील डोंगराळ भागात वसंतात पोक ह्या रानटी झाडाचा पाला खातात. तो कच्चा विषारी असून पाणी पुन्हा पुन्हा फेकून देऊनच शिजवावा लागतो. त्याचे पॉटलिकर कुणी पीत नाही.

भारतात काश्मीरची हाख ही पालेभाजी सामान्यतः ह्याच गटातील मानली जाते. गोव्यातील ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज ‘काल्दो व्हेर्द’ सूप कोव्हऐवजी पालक घालून केले जाते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत अळू मिळाले नाही की कॉलर्डच्या मोठ्या पानांच्या वड्या करतात. त्यासाठी पान उलटे ठेवून मधली जाड शीर सुरीने पात्याच्या पातळीपर्यंत तासून घ्यावी लागते, नाहीतर गुंडाळी उकलते. कॉलर्ड खाजत नाही, त्यामुळे बेसनात चिंच घालायची ती चवीपुरतीच.