टॉवर दूर जाणार, संगणक जवळ येणार

वाळपईत बसून कुणी मोबाईलला तोंडी विचारले, "उद्या पाऊस आहे काय?", तर तो प्रश्न बराच प्रवास करतो. आवाज आधी एक-दोन किलोमीटरवरच्या टॉवरला मिळतो. तिथून फायबरच्या काचतंतूतून तो मुंबईच्या, कधी सिंगापूरच्या डेटा सेंटरमध्ये पोहोचतो. शब्द ओळखणे, अर्थ लावणे, उत्तर जुळवणे हे सगळे तिकडे होते आणि तयार उत्तर आल्या वाटेने परत येते. म्हणजे संपर्काचे साधन गावात आणि डोके परगावी. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही मांडणी बऱ्याच अंशी उलटी होईल असे मला वाटते. डोके खिशात येईल आणि टॉवर, निदान काही कामांपुरता, पाचशे किलोमीटर वर जाईल. उडत्या टॅक्सींच्या गप्पा कितीही रंगल्या तरी गोव्याच्या रोजच्या जगण्यात हा बदल अधिक जाणवेल.

आधी टॉवरचे पाहू. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. त्याआधीच्या लिलावात विकल्या गेलेल्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांपैकी तीन पट्टे एकमेकांशेजारी ठेवले की सगळी अडचण दिसते. ७०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असते, ३.३ गिगाहर्ट्‌झची नऊ सेंटिमीटर आणि २६ गिगाहर्ट्‌झची जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. वरच्या पट्ट्यांत मोकळी जागा भरपूर, म्हणून तिथे माहिती प्रचंड वेगाने वाहते. पण लहर आखूड झाली की ती नाजूक होते. चिऱ्याची जाड भिंत तिला अडवते, माडांची झावळी अडवते, काजूचे बन तर गिळूनच टाकते. शिवाय पावसाचे थेंब एक ते पाच मिलिमीटरचे. लहरीची लांबी थेंबाच्या मापाजवळ आली की प्रत्येक थेंब तिची थोडी ऊर्जा शोषतो आणि थोडी भलतीकडे उधळतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, अशा प्रदेशात ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

म्हणून ६जी आले की सगळीकडे विजेच्या वेगाने इंटरनेट मिळेल, ही जाहिरात जपून ऐकावी. केंद्र सरकारचा 'भारत ६जी' आराखडा मार्च २०२३ मध्ये जाहीर झाला. २०३०च्या आसपास ती सेवा यावी असा जगभरचा अंदाज आहे. तिच्यासाठी १०० गिगाहर्ट्‌झच्या वरच्या लहरींचे प्रयोग चालू आहेत. तिथे लहरीची लांबी तीन मिलिमीटर किंवा त्याहून कमी. अशी लहर विमानतळाच्या दालनात, शस्त्रक्रियेच्या खोलीत, कारखान्यात कामाला येईल. चोर्ला घाटात नाही. अभियंत्यांचा डोळाही आता जास्त करून ७ ते १५ गिगाहर्ट्‌झच्या मधल्या पट्ट्यावर आहे, आणि तो शहाणपणा आहे. जत्रेत किंवा जुन्या गोव्याच्या फेस्तात एका टॉवरखाली हजारो फोन गोळा होतात आणि साधा मेसेजही जात नाही, तिथे त्या पट्ट्याचा उपयोग होईल.

समुद्रात प्रश्न निराळा आहे. तिथे भिंत नाही, झाड नाही, पण पृथ्वी गोल आहे. किनाऱ्यावरचा ४० मीटर उंचीचा टॉवर असेल तर त्याचे रेडिओ क्षितिज साधारण २६ किलोमीटरवर संपते. ट्रॉलरच्या उंचीमुळे आणखी थोडे मिळते, पण हातातल्या फोनची रेंज प्रत्यक्षात त्याआधीच जाते. मालीम, कुटबण किंवा खारीवाड्याहून निघालेला ट्रॉलर तारले-बांगड्यांच्या मागे बाहेर गेला की घरच्यांच्या लेखी तो गप्प झाला. या गप्प होण्याची किंमत नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात दिसली. वादळाचा इशारा निघाला तेव्हा केरळ-तामिळनाडूचे कितीतरी मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते आणि त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचवण्याची सोय नव्हती.

त्यानंतर २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचे छोटे यंत्र आले. हैदराबादची 'इन्कॉईस' ही संस्था समुद्राच्या लाटांचा, वादळांचा आणि मासळी कुठे मिळेल याचा अंदाज देते. तो अंदाज उपग्रहामार्फत या यंत्रात उतरतो आणि ब्लूटूथने फोनवर दिसतो. त्याची वाट एकेरी होती. मच्छीमाराला ऐकू येई, बोलता येत नसे. ऑगस्ट २०२४ मध्ये एक लाख नौकांवर दुहेरी संदेश देणारे ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. त्यातून 'इंजिन बंद पडले', 'माणूस आजारी आहे' असा निरोप किनाऱ्याला कळवता येतो.

यापुढची पायरी म्हणजे वेगळे यंत्रच नको, खिशातला साधा फोन थेट उपग्रहाशी बोलेल. ऐकायला सोपे वाटते, पण फोनची प्रक्षेपणशक्ती फक्त पाव वॅटच्या आसपास असते, आणि उपग्रह पाचशे किलोमीटर वर, सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पळत असतो. फोनला अधिक ताकद देता येत नाही, तेव्हा सगळा भार उपग्रहाच्या कानावर पडतो: अँटेना अवाढव्य करायचा. २४ डिसेंबर २०२५ रोजी 'इस्रो'च्या एलव्हीएम-३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून एका अमेरिकी कंपनीचा असाच ब्लूबर्ड उपग्रह कक्षेत सोडला. वजन सुमारे ६,१०० किलो आणि अँटेनाचे क्षेत्रफळ सुमारे २२३ चौरस मीटर, म्हणजे एका ऐसपैस बंगल्याएवढे.

या सेवेकडून फार मागू नये. उपग्रहाची एकेक शलाका किलोमीटरच्या किलोमीटर पट्ट्यावर पडते आणि त्यातले सगळे फोन तेवढीच जागा वाटून घेतात. मेसेज आणि बोलणे ठीक. रील्स पाहायला नेत्रावळीच्या रानातही वायफायच शोधावे लागेल. छपरावर थाळी बसवून मिळणारे उपग्रह इंटरनेट वेगवान असते, पण त्याच्या लहरी डीटीएचच्या शेजारच्याच, अडीच सेंटिमीटरच्या घरातल्या. आषाढात धो-धो सर आली की टीव्हीवर चौकोन चौकोन दिसू लागतात, तीच गत त्याचीही होणार. फोनशी थेट बोलणारे उपग्रह मात्र बहुधा लांब लहरी वापरतात, म्हणून पावसाला ते फारसे दबत नाहीत. वेग हवा की भर पावसातला भरवसा, दोन्ही एका लहरीत मिळत नाहीत.

तंत्र तयार असून वापर अडतो असेही होते. भारतात परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणे हा गुन्हा आहे, आणि त्यापायी विमानतळावर अडकलेल्या विदेशी पाहुण्यांच्या बातम्या अधूनमधून येतात. गोव्याला हे नवे नाही. युरोपी पद्धतीचा छापखाना आशियात प्रथम आला तो १५५६ मध्ये गोव्यात, तोही अ‍ॅबिसिनियाला निघालेला, वाटेत इथेच राहिला. पुढे अठराव्या शतकात पोर्तुगिजांनी छपाई बंद केली आणि ती पुन्हा सुरू व्हायला १८२१ साल उजाडले. यंत्र होते, कागद होता, वाचणारे होते. नव्हती ती परवानगी.

आता डोके खिशात कसे येणार ते. माणसे समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचे संपल्यावर दुसरा सरासरी ०.२ सेकंदात सुरू होतो. दहा वेगवेगळ्या भाषांच्या अभ्यासात हे आढळले आहे. यंत्राशी बोलणे सहज वाटायचे तर त्यालाही हे वेळापत्रक पाळावे लागेल. म्हणून संगणन जवळ हवे, असे सांगितले जाते. मला हे कारण अर्धेच पटते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. सिंगापूरला जाऊन यायला त्याला ०.०४ सेकंदाच्या आसपास पुरतात. वेळ खातात त्या मधल्या रांगा. खरे कारण विजेचे आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या वापराच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून वर जाण्याचा अंदाज आहे. तुमचा फोन जेवढे काम स्वतः करील तेवढे त्यांचे बिल कमी. ते तुमच्या चार्जरवर चढते, हे कुणी सांगत नाही.

पण फोनात एवढी अक्कल मावते कशी? भाषा जाणणारी ही मॉडेल्स म्हणजे मुळात आकड्यांचे ढीग. तीन अब्ज आकड्यांचे मॉडेल, प्रत्येक आकडा १६ बिटांत लिहिला तर सहा जीबी होते. तेच चार बिटांत लिहिले तर दीड जीबी. चार बिटांत फक्त सोळा वेगळ्या किमती बसतात, म्हणजे आकडे बरेच ढोबळ होतात. तरी उत्तर फारसे बिघडत नाही, जसे तांदूळ तोलायला सोनाराचा काटा लागत नाही. आकार कमी होण्याचा आणखी मोठा फायदा विजेत आहे. चिपमध्ये गुणाकार स्वस्त असतो. आकडा मेमरीतून उचलून गुणाकाराच्या जागी आणायला त्याच्या शेकडो पट ऊर्जा जाते. त्यामुळे मेमरीतच गणित करणाऱ्या चिप बनवण्याच्या मागे प्रयोगशाळा लागल्या आहेत. साधली तर बोटाएवढ्या बॅटरीवर चालणारे यंत्रही ऐकू-पाहू लागेल.

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, याचा उपयोग उघड आहे. सुपारीची कोवळी फळे गळवणारा कोळेरोग पावसाळ्यातल्या सततच्या ओलीवर फोफावतो. त्यासाठी बोर्डो मिश्रणाची एक फवारणी पावसाआधी आणि दुसरी साधारण ४०-४५ दिवसांनी करतात. खरी पंचाईत माणसांची: झाडावर चढणारे पाडेली आता मागून मिळत नाहीत, आणि मिळाले तरी पाऊस उघडीप देत नाही. पानांची ओल आणि उष्णता मोजणारे यंत्र कुळागरातच हिशेब करून "या आठवड्यात धोका आहे" एवढी एक ओळ पाठवील, तर त्याला इंटरनेट लागणारच नाही. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. त्यावर 'लोरा' पद्धतीने अगदी संथ गतीने, पण काही किलोमीटरपर्यंत, एकाच बॅटरीवर वर्षानुवर्षे निरोप पाठवता येतात.

भाषेबाबत मी तेवढा निश्चिंत नाही. आमच्या घरांत मराठी, कोंकणी, मध्ये पोर्तुगीज शब्द आणि शेवटी इंग्रजी, हे सगळे एका वाक्यात नांदते. छापील पुणेरी मराठीवर शिकलेले यंत्र पेडण्याच्या आजीपुढे गोंधळणार. केंद्राची 'भाषिणी' योजना २०२२ पासून भारतीय भाषांचे आवाज गोळा करते आहे. त्यात इथल्या वाड्यांवरचे आवाज किती पडतात यावर बरेच काही अवलंबून राहील.

संगणन जवळ येण्याचा गोव्यातला सर्वांत मोलाचा उपयोग मला दिसतो तो जमिनीच्या कागदात. २०२२ मध्ये सरकारला जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी खास तपास पथक नेमावे लागले. पोर्तुगीजकालीन दस्तांच्या बनावट प्रती करून परगावी गेलेल्यांच्या जमिनी विकल्याचे आरोप होते. उद्याचा १/१४चा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, स्वतःच आपली साक्ष देऊ शकेल: त्यावरच्या क्यूआर कोडात मजकूर आणि कचेरीची डिजिटल सही दोन्ही असतील, आणि फोन रेंज नसतानाही ती सही खरी की खोटी ते जागच्या जागी सांगेल.

इथे क्वांटम संगणक आडवा येतो. आजच्या बऱ्याच डिजिटल सह्या, उदाहरणार्थ आरएसए, मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड आहे या भरवशावर उभ्या आहेत. पुरेसा मोठा क्वांटम संगणक ते काम झटपट करील, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले. किती मोठा? २०१९चा अंदाज दोन कोटी क्यूबिटांचा, म्हणजे क्वांटम संगणकाच्या बिटांचा, होता. २०२५चा दहा लाखांहून कमी. आजची यंत्रे हजाराच्या आसपास आहेत. बँकेचा ओटीपी दोन मिनिटांत शिळा होतो, त्याला याची चिंता नाही. उतारा नातवाच्या हातीही खरा ठरायला हवा.

म्हणून अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमला न बधणाऱ्या सह्यांची मानके जाहीर केली. त्यांतल्या एमएल-डीएसएची सर्वांत छोटी सही २,४२० बाइटांची, तर आजची आरएसए सही साधारणतः २५६ बाइटांची. सर्वांत मोठ्या क्यूआर कोडात २,९५३ बाइट मावतात. सही बसवल्यावर उरले ५३३. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी यांचे तीन-तीन वेगळे. म्हणजे सर्व्हे नंबर, गाव, तालुका आणि दोन-तीन नावे घातली की जागा संपली; भावा-भावांत न वाटलेल्या जमिनीवरची वीस नावे त्यात बसणार नाहीत. 'फाल्कन' नावाची दुसरी पद्धत ६६६ बाइटांत भागवते, आणि अशा कागदांसाठी तीच बरी दिसते. एमएल-डीएसएच घेतली तर त्या सर्वांत मोठ्या कोडात आडवे-उभे १७७ चौकोन असतात. मामलेदार कचेरीचा प्रिंटर ते स्वच्छ उमटवील, पण झेरॉक्सची झेरॉक्स काढली की फोन त्यातले काहीच वाचू शकणार नाही.