लहान तळ्यातली क्रॅपी परत सोडू नका

गळाला लहान मासा लागला की तो परत सोडावा, म्हणजे पुढे मोठा होईल, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या शेततळ्यांत क्रॅपीच्या बाबतीत मात्र ही दया तळ्याच्याच मुळावर येते.

क्रॅपी हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. चपटं चंदेरी अंग, काळपट ठिपके, मोठे डोळे. चवीला उत्तम, म्हणून तळेमालकांना त्याचा मोह पडतो. खरी अडचण विणीची आहे. वसंतात पाणी १६ ते २० अंश सेल्सिअसवर आलं की नर उथळ पाण्यात घरटं करून राखण करतो. एकेक मादी हजारोंनी अंडी घालते, मोठ्या मादीची तर लाखावरही जातात. एखाद्या वर्षी सगळं जुळून आलं, की तळं पिल्लांनी खच्चून भरतं.

पिल्लं प्राणीप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर जगतात. पुढे अंग भरायचं तर छोटे मासे खायला हवेत, आणि लहान तळ्यात नेमके तेच अपुरे पडतात. मग सगळ्यांचीच वाढ खुंटते. अशा वीतभरही नसलेल्या क्रॅपीच्या कानातला बारीकसा खडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर झाडाच्या खोडात असतात तशी वर्षावर्षाची वलयं दिसतात. पिल्लू समजून सोडलेला मासा तीन-चार वर्षांचा निघू शकतो! शिवाय खुंटलेली मादीही अंडी घालतेच. त्यात भर म्हणजे, ज्या बास माशाने ही गर्दी खाऊन कमी करायची, त्याचीच पिल्लं क्रॅपी खाते. आपल्याकडे तळ्यात चिलापी माजते तेव्हा असंच होतं: मासे उदंड, पण सगळे बोटाएवढे.

भक्षक आणि भक्ष्य यांचा हा तोल अलाबामातल्या ऑबर्न इथे मत्स्यशास्त्रज्ञ होमर स्विंगल यांनी शेततळ्यांमध्ये अनेक वर्षं अभ्यासला. त्यांची पसंतीची जोडी होती भक्षक बास आणि त्याचं भक्ष्य असलेला छोटा मासा, ब्लूगिल. लहान तळ्यासाठी मलाही तीच शहाणपणाची वाटते.

पण क्रॅपी आधीच असेल, तर ती काढत राहणं हाच उपाय. वसंतात काठाजवळ, बुडालेल्या फांद्यांच्या आसपास गळ टाकावा. क्रॅपी सहसा वर झेपावून घास घेते, त्यामुळे आमिष तिच्या किंचित वर हवं. उन्हाळ्यात तळाच्या थंड पाण्यात प्राणवायू उरत नाही, तेव्हा खोल सोडलेला गळ रिकामाच येतो. दोन ग्रॅमपेक्षा हलकं आमिष किंवा छोटा जिवंत मासा पुरतो. हिसका मात्र देऊ नये. तिच्या जबड्यालगतचा पडदा इतका पातळ असतो की गळ तो फाडून निसटतो. दोरी ताणलेली ठेवून हलकेच उचलावं, आणि काठाशी आल्यावर खालून जाळी धरावी.

खासगी तळ्यात हाती लागेल ती क्रॅपी, कितीही लहान असली तरी, घरी न्यावी. सार्वजनिक जलाशयात त्या त्या राज्याचे नियम पाळावेत. बास मात्र आवर्जून परत सोडावा, विशेषतः वीत-दीड वीत लांबीचा. क्रॅपीची पिल्लं खाणारा तोच.